चाकाला पाणी, पण नेमकं कुठं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. बेंच ग्राइंडरवर ड्रिलला धार लावताना ते हां हां म्हणता तापतं, कडा निळी पडते आणि मिस्त्री ओरडतात. मग सलाइनची बाटली वर टांगून नळीने चाकावर थेंब थेंब पाणी सोडलं तर चालेल का? कल्पना सुचली याबद्दल आधी शाबासकी. पण उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते तसं का, हे कळण्यासारखं आहे.

साध्या बेंच ग्राइंडरचं २०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेतं. म्हणजे त्याची कड सेकंदाला २९ मीटर, तासाला १०५ किलोमीटर वेगाने पळते. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे गणित शाळा-कॉलेजात आपण सगळ्यांनी केलं आहे. ते इथे मांडलं की दिसतं, कडेवरच्या थेंबाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या जवळजवळ ८७५ पट जोर लागेल. पृष्ठताणाचा तिथे काय पाड लागणार? थेंब चाकाला टेकतो न टेकतो तोच उडतो आणि भिंतीवर, शर्टावर, मोटरच्या फटीत जातो. ही मोटर पाण्यापासून जपण्यासाठी बंदिस्त केलेली नसते, त्यामुळे शॉकचा धोका आणखी वेगळा.

सुऱ्या-पटाशांना धार लावायची संथ, ओली यंत्रं मिळतात, त्यांच्याशी हे ताडून पाहा. २५० मिलिमीटरचं चाक, मिनिटाला ९० फेरे. कडेचा वेग सेकंदाला जेमतेम १.२ मीटर. लागणारा जोर? थेंबाच्या वजनाच्या १.१ पट! वजन आणि फेकलं जाणं यांची जवळजवळ बरोबरी. चाकाचं बूड ट्रेमधल्या पाण्यात असतं, सच्छिद्र दगड पाणी पितो आणि त्याचा पातळ पडदा माथ्यापर्यंत घेऊन येतो. वेग थोडा वाढवला की तो पडदा फाटतो. मला हे गणित फार आवडतं, कारण कुठलं चाक ओलं राहील आणि कुठलं नाही, हे कागदावर दोन ओळींत कळतं.

वेगाने फिरणारं चाक ओलं ठेवता येत नाही, तर मग कारखान्यातल्या सरफेस ग्राइंडरवर कूलंट कशासाठी सोडतात? तिथे ओली ठेवायची असते ती चाक आणि जॉब यांच्या भेटीची जागा. ही जागा दोन-तीन मिलिमीटर लांब असते. चाकातला एखादा कण तिथून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात पार होतो. तेवढ्यात तो थोडं कापतो आणि बरंचसं रेटतो, खरवडतो. कारण प्रत्येक कण ही एक छिन्नीच असली, तरी ती फार बोथट कोनाची असते. म्हणून तेवढाच धातू काढायला लेथपेक्षा ग्राइंडिंगला कितीतरी पट ऊर्जा लागते. शिवाय लेथवर बरीचशी उष्णता बुरादा घेऊन जातो, इथे मात्र बहुतांश उष्णता जॉबमध्येच शिरते. कणाच्या टोकापाशी क्षणभर तापमान हजार अंशांच्याही पुढे जातं.

ठिणग्यांकडे बघून आपल्याला वाटतं, उष्णता उडून चालली आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त ठिणग्यांवर एक सुंदर निरीक्षण लिहिलं आहे. गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर घासून त्यांनी ठिणग्या पांढऱ्या कागदावर पाडल्या, जिथे त्या विझल्या तिथले काळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर दिसल्या चकचकीत गोल गोळ्या, लोहचुंबकाला चिकटणाऱ्या. पोलाद वितळल्याशिवाय असा गोल होणार नाही, हे त्यांनी ओळखलं. आज आपण त्यात भर घालू शकतो: कीस चाकापासून सुटतो तेव्हा लाल तापलेला असतो, हवेतला ऑक्सिजन मिळाला की पेट घेतो आणि त्या जळण्यानेच वितळून गोल होतो. ठिणगीचा झगमगाट हा बराचसा नंतरच्या जळण्याचा. म्हणूनच कूलंटची धार नीट लागली की ठिणग्या जवळजवळ दिसेनाशा होतात, कापणं मात्र तेवढंच चालू असतं.

जॉबमध्ये शिरलेली उष्णता काय करते, ते रंगावरून कळतं. साध्या कार्बन स्टीलची छिन्नी सव्वादोनशे अंशांना फिकट पिवळी दिसते आणि तीनशेच्या आसपास निळी. हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचे. कडा निळी पडली की तिचं पाणी उतरलं, ती मऊ झाली. हायस्पीड स्टीलचं टेम्परिंगच साडेपाचशे अंशांच्या आसपास केलेलं असतं, त्यामुळे ते निळं पडलं म्हणून लगेच बाद होत नाही. त्याला धोका तडे जाण्याचा असतो.

आता पाण्याची खरी करामत. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. तेच पाणी उकळून वाफ व्हायला २२५७. म्हणजे कूलंट सर्वाधिक काम करतं ते उकळताना. पण यातच फसगत आहे. घावन घालायच्या आधी आपण तव्यावर पाणी शिंपडतो. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्र करून उडून जातो. फार तापलेला असेल तर तो गोळी होऊन तव्यावर नाचत राहतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते आणि तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही. योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी हे १७५६ मध्ये लिहून ठेवलं. ग्राइंडिंगमध्ये अगदी हेच घडतं. पाण्याचा अंश जास्त असलेल्या कूलंटच्या बाबतीत जॉबचा पृष्ठभाग साधारण १२०-१३० अंशांच्या पुढे गेला की वाफेचा पडदा उभा राहतो, आणि मग तापमान हळूहळू चढत नाही, एकदम उसळी घेतं. सकाळपासून सुरळीत चाललेला कट अचानक जॉब जाळतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. निव्वळ तेलाची ही मर्यादा ३०० अंशांच्या आसपास असते. तेल उष्णता कमी वाहून नेतं, तरी अवघड कामांना तेच वापरतात, ते यामुळे.

इथे मला फ्रेडरिक टेलर या माणसाबद्दल सांगायचं आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ते हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभे असलेले भेटतात, आणि त्यांच्यावरची ती टीका रास्तही आहे. पण त्याच टेलर यांनी २६ वर्षं धातू कापण्यावर प्रयोग केले. नोंद झालेले प्रयोगच तीस ते पन्नास हजार, आणि त्यांत आठ लाख पौंड लोखंड-पोलादाचा भुगा झाला. फिलाडेल्फियाच्या मिडवेल कारखान्यात १८८३ च्या सुमारास त्यांना आढळलं, की टूल जिथे बुरादा काढतं नेमक्या त्या जागी पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग तीस-चाळीस टक्के वाढवता येतो. त्यांनी मग नव्या शॉपमध्ये प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात बसवली, पाण्याने यंत्र गंजू नये म्हणून त्यात सोडा विरघळवला आणि ते खालच्या टाकीतून पुन्हा वर खेळवलं. आज प्रत्येक सीएनसीच्या पोटात जी कूलंटची टाकी असते तिचं हे मूळ.

१९०६ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या सभेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जो प्रचंड निबंध वाचला, त्यात टूलला धार लावण्याबद्दलचा भाग आहे. तो आजच्या प्रत्येक आयटीआयमध्ये शिकवावा असं मला मनापासून वाटतं. मिनिटाला पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी, संथ धारेने, टूलचं नाक चाकाला जिथे भिडतं तिथेच पडलं पाहिजे, असं ते सांगतात. मिनिटाला १९ लिटर! सलाइनची बाटली दीड-दोन सेकंदांत रिकामी होईल. शिवाय टूल चाकावर एकाच जागी दाबून बसवू नका, हलतं ठेवा, असाही त्यांचा आग्रह आहे. सपाट बाजू चाकाशी घट्ट जुळली की पाण्याला आत शिरायला वाटच उरत नाही.

आणि म्हणूनच अर्धवट ओलं हे कोरड्यापेक्षा वाईट. टूल लालबुंद होईपर्यंत घासायचं आणि मग चर्रकन मगात बुडवायचं, ही सवय सर्रास दिसते. वरची कातडी आकसते, आतला गाभा तसाच गरम, आणि मधे केसाएवढे तडे पडतात. कार्बाइडच्या टिपला तर हे मुळीच सोसत नाही. भरपूर, सतत पाणी देणं जमत नसेल तर चाक ड्रेस करून, म्हणजे त्याचा बोथट थर खरवडून, उघडं ठेवा, हलक्या हाताने थोडं थोडं घासा, टूल हवेत गार होऊ द्या. साध्या छिन्नीला मात्र तापायच्या आधीच वरचेवर पाण्यात बुडवणं ठीक.

मोठ्या यंत्रांवर आणखी एक अडथळा असतो: हवा. वेगाने फिरणारं चाक आपल्याभोवती हवेचा थर ओढत नेतं आणि तो थर कूलंटची बारीक धार बाजूला ढकलतो. वरून पाहिलं तर सगळं न्हाऊन निघालेलं, आणि भेटीची जागा कोरडी. उपाय दोन. चाकाला जेमतेम न लागणारी पट्टी बसवून हवेचा थर खरवडायचा, किंवा धारेचा वेग चाकाच्या वेगाइतका करायचा. २९ मीटर वेगासाठी नोझलपाशी सव्वाचार बार दाब हवा, आणि यंत्रासोबत येणारा छोटा पंप तेवढा बहुधा देत नाही. ‘जवळजवळ कोरडं’ मशिनिंग, तासाला काही मिलिलिटर तेलाच्या धुक्यावर, अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. मिलिंगमध्ये ते पुष्कळदा खरंही आहे. ग्राइंडिंगमध्ये वंगणाचं काम ते धुकं करेल, पण उष्णता कोण नेणार? हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

यंत्र बंद करतानाची एक गोष्टही सांगायलाच हवी. चाक सच्छिद्र असतं. ओलं चाक तसंच थांबवलं तर पाणी खालच्या बाजूला उतरून साठतं, चाक एकीकडे जड होतं, आणि सकाळी पूर्ण वेगाने सुरू केल्यावर ते हादरतं, वेळप्रसंगी फुटतंही. आधी कूलंट बंद, मग चाक काही मिनिटं मोकळं फिरवून पाणी झटकणं, मगच स्विच.

हे सगळं जॉब वाचवण्याबद्दल झालं. पाण्याने माणसंही वाचवली आहेत, पुरती नाही तरी. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये काटे-सुऱ्या वालुकाश्माच्या चाकांवर घासत. तिथले डॉ. आर्नल्ड नाइट यांनी १८३० मध्ये जे नोंदवलं ते वाचून पोटात गोळा येतो. कोरड्या दगडावर काटे घासणारे दगडाच्या धुळीने २८ ते ३२ व्या वर्षी मरत होते. वस्तरे थोडे कोरडे, थोडे ओले घासले जात. ते घासणारे ४० ते ४५ पर्यंत जगत. ओल्या दगडावर सुऱ्या घासणारे ४० ते ५० पर्यंत. एकच गाव, एकच दगड. पाण्याने दहा-पंधरा वर्षं दिली. ओल्या दगडावरचा माणूसही लवकरच जाई, कारण नवा दगड बसवून तो गोल करण्याचं काम कोरडंच होई आणि तेव्हा सिलिकाचे लोट उठत.

१८९१ मध्ये एडवर्ड अॅचिसन यांना सिलिकॉन कार्बाइड सापडलं, पुढे अॅल्युमिनाची कृत्रिम चाकं आली आणि वालुकाश्म मागे पडला. चाकातलं सिलिका गेलं. पण गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर याच कृत्रिम चाकांवर काम करतात आणि तरीही त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, कारण अकीक स्वतःच सिलिका आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या धुळीचा अभ्यास केला आहे आणि चाकापाशीच धूळ शोषून घेणारी यंत्रणाही बसवून पाहिली आहे. हे काम घराघरांतून चालतं, चाकाशेजारी मुलं वावरतात. पाणी आणि शोषण पंखा या दोन्ही गोष्टी त्या ओसऱ्यांपर्यंत सरकारी खर्चाने पोचायला हव्यात.