जुना आरसी रिमोट सापडलाय? सेल टाकण्याआधी तो कोणत्या काळातला आहे ते असं ओळखा

समजा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक जड, पत्र्याचा डबा खाली आला. वर ओढून लांब होणारी अँटेना, पुढे दोन दांड्या, मध्ये काटा असलेलं छोटं मीटर. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, हा तर काकांचा विमान उडवायचा रिमोट!"

आपण लगेच मोबाइल काढतो आणि फोटो टाकून शोधतो. तशाच दिसणाऱ्या दहा वस्तू समोर येतात आणि गोंधळ वाढतो. मग मोह होतो तो सेल टाकून बघायचा. इथेच थांबा. चुकीच्या सेलने किंवा उलट्या जोडणीने ४०-५० वर्षं टिकलेला सेट एका सेकंदात जळू शकतो. आधी ओळख, मग वीज. ही ओळख पटवायची कशी, तेच आज पाहूया.

आधी सगळे भाग एकत्र ठेवा

आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. हातातला ट्रान्समीटर हा सेटचा फक्त एक भाग. विमानात रिसिव्हर असतो, पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरपेट्या म्हणजे सर्व्हो असतात, शिवाय बॅटरी आणि स्विच. जुन्या काळी एका कंपनीचा रिसिव्हर दुसऱ्या कंपनीच्या ट्रान्समीटरशी जुळेलच असं नव्हतं. म्हणून डब्यातली काडेपेटीएवढी निनावी पेटीसुद्धा फेकू नका. ती नसेल तर ट्रान्समीटर अर्धाच!

पायरी १: पुढे काय आहे? बटण, खटके की दांड्या?

वयाचा पहिला अंदाज इथेच येतो.

*एकच बटण:* हा सिंगल चॅनल सेट, बहुतेक १९५० ते ६० च्या दशकातला. गंमत म्हणजे यात विमानाची शेपटी रेडिओ हलवत नसे. पीळ दिलेलं रबर ती हलवायचं, रेडिओ फक्त त्याची खिट्टी सोडायचा. एका प्रकारात बटण एकदा दाबून धरलं की उजवीकडे, दोनदा दाबून धरलं की डावीकडे, आणि सोडलं की सरळ. या छंदाची सुरुवात मात्र त्याही आधीची. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये 'गफ' नावाचं रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवलं. ते आज तिथल्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे आहे.

*दिव्याच्या बटणासारखे खटके:* हा रीड सेट. प्रत्येक खटका वेगळा सूर पाठवतो. रिसिव्हरमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या असतात, साधारण बाजाच्या पेटीत असतात तशा. ज्या पट्टीचा सूर येईल तीच थरथरते आणि तिचा सर्व्हो फिरतो. इथे एक फसगत होते. 'दहा चॅनल' लिहिलेला रीड सेट दहा गोष्टी चालवत नाही, पाचच चालवतो. कारण डावीकडे एक पट्टी, उजवीकडे दुसरी, असा हिशोब असतो.

*दांड्या:* दांडी जेवढी हलवाल तेवढंच विमानात हलणार. याला प्रपोर्शनल म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांनी याची डिजिटल पद्धत पुढे आणली आणि हळूहळू बटणं-खटके मागे पडले. यात प्रत्येक सर्व्होला साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा विजेचा ठोका मिळतो. १.५ म्हणजे मधोमध. हा ठोका सेकंदाला जवळपास ५० वेळा येतो. आज तुम्ही रोबोटिक्सच्या प्रोजेक्टमध्ये जो स्वस्तातला सर्व्हो वापरता, तोही हीच भाषा समजतो!

पण दांड्या १९६५ च्या सेटलाही आहेत आणि आजच्याही. म्हणून पुढची पायरी.

पायरी २: फ्रिक्वेन्सी शोधा

पाठीमागच्या स्टिकरवर किंवा क्रिस्टलवर आकडा असतो. क्रिस्टल म्हणजे दोन पायांची छोटी धातूची डबी. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालणार ते हीच ठरवते.

- २७ मेगाहर्ट्झ: जुना आणि अनेक देशांत वापरलेला पट्टा. यात सहा जागा होत्या आणि प्रत्येकीला रंग होता. २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा आणि २७.२५५ निळा.
- ७२ मेगाहर्ट्झ: अमेरिकेतला, विमानांसाठीचा.
- ३५ मेगाहर्ट्झ: ब्रिटन आणि युरोपातला, विमानांसाठीचा.
- २.४ गिगाहर्ट्झ: हा विंटेज नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यातला. स्पेक्ट्रमचा डीएक्स-६ हा असा सेट २००५ मध्ये आला.

अँटेनाला रंगीत फीत बांधलेली दिसली तर ती शोभेची नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी ट्रान्समीटर लावला की कुणाचं तरी विमान जमिनीवर आदळणार हे ठरलेलं. म्हणून मैदानावर आपला रंग सगळ्यांना दिसेल असा लावायचा.

अमेरिकेतल्या ७२ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरवर सोनेरी स्टिकर असेल तर तो १९९१ च्या सुमारास आलेल्या अरुंद चॅनलच्या नियमात बसणारा आहे, असं समजा.

क्रिस्टलची आणखी एक खूण लक्षात ठेवा. ट्रान्समीटरवर २७.१४५ आणि रिसिव्हरवर २६.६९० दिसलं तर जोडी चुकली असं वाटेल. पण बऱ्याच सेटमध्ये या दोघांत ०.४५५ चा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणजे ती जोडी बरोबर आहे!

पायरी ३: नाव आणि नंबर वाचा

फक्त नावावर जाऊ नका. जपानच्या सान्वाचे सेट अमेरिकेत एअरट्रॉनिक्स नावाने विकले गेले, तर जेआरचे युरोपात ग्राउप्नरच्या नावाने. हीथकिटचे सेट सुट्या भागांत मिळायचे आणि घरीच जोडावे लागायचे. त्यामुळे आतलं सोल्डरिंग ओबडधोबड असलं तरी तो सेट नकली ठरत नाही.

नंबर जास्त बोलतात. फुटाबाच्या जुन्या वस्तूंवर 'एफपी' नंतर टी असेल तर ट्रान्समीटर, आर असेल तर रिसिव्हर आणि एस असेल तर सर्व्हो. क्राफ्टच्या सर्व्होंवर 'केपीएस' दिसतं. अक्षरं पुसट असतील तर मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका धरा आणि मग फोटो घ्या. कोरलेले आकडे उठून दिसतात.

पायरी ४: मागचं झाकण उघडा

आधी बॅटरी काढा. आत काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह दिसले तर सेट बराच जुना आहे. फक्त ट्रान्झिस्टर आणि चिप असतील तर चिपवरचा चार आकडी कोड बघा. ७६२३ म्हणजे बहुधा १९७६ सालचा २३ वा आठवडा. दुरुस्ती झालेली नसेल, तर सेट त्यातल्या सर्वात नव्या भागाहून जुना असू शकत नाही. कंपनीचा कागद हरवला असला तरी हा पुरावा आतच असतो.

बॅटरीच्या काळ्या वायरचं टोकही जरा सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर जुन्या निकेल-कॅडमियम सेलमुळे ती वायर आतून खराब झाली आहे. ती बदलावीच लागते.

आता तरी चालू करू का?

अजून नाही. ट्रान्झिस्टरच्या बऱ्याच ट्रान्समीटरना ८ निकेल-कॅडमियम सेल, म्हणजे ९.६ व्होल्ट लागतात आणि विमानातल्या भागाला ४ सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. व्हॉल्व्हच्या सेटला मात्र दोन बॅटऱ्या लागायच्या, एक दीड व्होल्टची आणि दुसरी ६७.५ किंवा ९० व्होल्टची. तिथे अंदाजाने काही जोडणं धोक्याचं आहे. सर्व्होच्या तीन वायरींचा क्रमही कंपनीनुसार बदलतो. प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर, असं नाही.

शिवाय ट्रान्समीटर चालू करणं म्हणजे हवेत रेडिओ लहरी सोडणं. भारतात कोणता पट्टा विनापरवाना वापरता येतो ते केंद्र सरकारची डब्ल्यूपीसी शाखा ठरवते. परदेशातून आलेला ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचा सेट इथे आपोआप चालवता येतो, असं समजू नका.

तर मग आज काय करायचं? सहा फोटो काढा: पुढची बाजू, मागचं स्टिकर, क्रिस्टल, आतली सर्किट, रिसिव्हर आणि सर्व्होचे प्लग. एवढ्यावर जाणकार माणूस सेट ओळखू शकतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना दाखवा. आणि ज्यांचा तो सेट होता ते काका घरात असतील, तर सगळ्यात आधी त्यांच्या शेजारी जाऊन बसा. कोणत्या मैदानावर उडवायचे, विमान कितीदा पाडलं, हे कुठल्याही स्टिकरवर लिहिलेलं नसतं.