संध्याकाळचा समोसा आणि दुसऱ्या दिवशीची शिक्षा

संध्याकाळी सहाच्या सुमारास वर्ध्यात जिकडेतिकडे कढया तापलेल्या असतात. समोसा, कचोरी, आलूबोंडा, वरून तर्री आणि हिवाळा असेल तर सांबारवडी. तीन आठवडे भाकर, वरण, पालेभाजी असं नेमानं खाणारा माणूस ऑफिसातून निघतो, वाटेत मित्र भेटतात आणि बोलता बोलता दोन समोसे पोटात जातात. घरी आल्यावर चिवड्याचा डबाही उघडतो. त्या तासाभरात शरीराचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या दीड दिवसात, ऐकीव समजुतींवर केलेल्या उपायांनी.

"मोडलंच आहे त आता होऊन जाऊ दे!"

सगळ्यात महागडा गैरसमज हाच. पथ्य मोडलं म्हणजे आजचा दिवस गेला, आता सोमवारपासून पाहू, असा हिशेब मनात होतो आणि दोन समोशांवर थांबणारा हात रात्री अकरापर्यंत चालू राहतो.

मानसशास्त्रज्ञांनी ही गोष्ट फार पूर्वी तपासली आहे. 1975 साली हर्मन आणि मॅक या अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला, काहींना नाही. मग चव तपासण्याच्या निमित्तानं सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नसत, त्यांनी मिल्कशेक पोटात असताना आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिकच आहे. पण ज्या वजनासाठी खाणं मोजूनमापून खात असत, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडल्याची जाणीव झाली आणि भुकेचा लगामच सुटला.

म्हणून समोसा खाल्ल्यावर करायची पहिली गोष्ट अगदी साधी आहे: रात्रीचं जेवण वेळेवर, नेहमीसारखं, भुकेपुरतं. पोट भरलेलं असेल तर अर्धी भाकर कमी खावी, वरण आणि भाजी खावी. जेवण पूर्ण टाळलं की साडेदहाला डबा पुन्हा उघडतो, हे कोणत्याही घरातल्या काकू सांगतील.

"एका रात्रीत किलोभर वजन वाढलं"

सकाळी काटा खरोखरच जास्त दाखवतो, पण वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं. चिवडा, शेव, तर्री यांत मीठ भरपूर, आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. शिवाय मैदा, बटाटा, पोहे यांतल्या पिष्टापासून बनलेली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पोटातलं न पचलेलं अन्न वेगळंच.

चरबीचा हिशेब करून पाहा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. दोन मोठे समोसे आणि वाटीभर चिवडा मिळून सात-आठशे कॅलरी होतात. त्या सगळ्याच्या सगळ्या जास्तीच्या धरल्या आणि सगळ्यांची चरबी झाली असं मानलं, तरी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. उरलेलं वजन नेहमीच्या जेवणावर दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. त्या सकाळी काट्यावर उभं न राहिलेलंच बरं.

"उद्या कडक उपास करून भरपाई करतो"

सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथं या समजुतीला बापूंचं नावही जोडलं जातं. पण गांधीजींच्या आहाराची गोष्ट नीट वाचली तर वेगळंच दिसतं. 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतलं: दिवसभरात पाचपेक्षा जास्त पदार्थ नाहीत आणि अंधार पडल्यावर खाणं नाही. त्यांची उपोषणं आत्मशुद्धीची होती, प्रायश्चित्ताची होती, राजकीयही होती. काल खाल्लेल्या कॅलरी फेडायची ती युक्ती नव्हती.

आणि जिभेपुढे हरण्याचा प्रसंग त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवला आहे. 1918 साली सैन्यभरतीच्या प्रचारात ते मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवर राहत होते, प्रकृती खालावली होती, पोट बिघडलं होतं. सणाच्या दिवशी दुपारी जेवायचं नाही असं ठरलेलं असताना कस्तुरबांनी तेलातली गव्हाची गोड लापशी आणि मूग समोर ठेवले. थोडंसं खाऊ म्हणून बसले आणि पोटभर जेवले. तासाभरात आमांशानं गाठलं आणि पुढे मोठं आजारपण आलं. त्यांचं दुखणं वेगळं, आपला समोसा वेगळा. तरी दिवसेंदिवस तुटपुंजं खाऊन राहिलेल्या माणसासमोर आवडीचा पदार्थ आला की काय होतं, ते या प्रसंगात स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या दिवशीच्या कडक उपासाचंही तेच होतं. दिवसभर कळ काढायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच कढईसमोर, आता दुप्पट भुकेनं. त्यात उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर कॅलरीही वाचत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा प्रयोग करूच नये. जेवण चुकलं आणि औषध मात्र घेतलं, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

लिंबूपाणी, फेऱ्या आणि घड्याळ

कोमट पाणी आणि लिंबू यांनी चरबी धुऊन निघत नाही. तहान भागते, एवढंच. चालण्याचं थोडं वेगळं आहे. एका मोठ्या समोशाच्या कॅलरी जाळायला साधारण तासभर चालावं लागतं, म्हणून 'खाल्लेलं चालून काढू' हा सौदा परवडत नाही. मात्र खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते. त्यासाठी जरूर चालावं.

रात्री आठनंतर खाल्लेल्या सगळ्याची चरबी होते, हेही अर्धसत्य. चरबी मुख्यतः दिवसभराच्या एकूण खाण्यावर ठरते. पण वेळेला अजिबात अर्थ नाही असंही नाही. स्पेनमध्ये वजन कमी करणाऱ्या 420 जणांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दुपारचं मुख्य जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन, एकूण खाणं जवळपास सारखं असूनही, लवकर जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरलं. दीडचा डबा चारला उघडणाऱ्या आपल्या कार्यालयांनी याची नोंद घ्यावी.

"माझं मनच कमजोर"

बहुतेक वेळा मन ठीक असतं, दुपार रिकामी गेलेली असते. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी घाईत दोन पोळ्या, डाळ नावापुरती, आणि मग सहा वाजता कढईचा वास. याला निर्धारापेक्षा पाच वाजताची खाण्याची सोय जास्त उपयोगी: मूठभर फुटाणे, उकडलेल्या शेंगा, ताक, एखादं संत्रं. सोयाबीनही चालेल. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले होते. आज जिल्ह्याच्या शिवारात ते जिकडेतिकडे पिकतं, पण ताटात फारसं येत नाही.

फक्त 'पौष्टिक' शब्दाला भुलू नये. तीस ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 170 कॅलरी असतात. पातेलं समोर घेऊन बसलं तर समोसा बरा म्हणायची वेळ येते. गुळाच्या चिक्कीचं तेच, कारण गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत नावापुरता फरक आहे. आणि वर्ध्याचा लाडका गोरसपाक (बिस्किटाचाच प्रकार) गाईच्या तुपातला असला, तरी ते तूप इतर कोणत्याही चरबीसारखंच ग्रॅमला नऊ कॅलरी देतं. आवडतो तर चहाबरोबर एक खावा, बशीत काढून, आणि पुडा कपाटात ठेवून द्यावा.

महिन्यातून दोन-तीनदा असं झालं तर त्याची दखल घ्यायचंही कारण नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी होत असेल तर दुपारचा डबा आणि रात्रीची झोप आधी तपासावी, कारण झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. आणि कुणी लपून, थांबता न येता, पोट दुखेपर्यंत खात असेल आणि नंतर ओकारी काढत असेल, तर त्याला आहाराचा तक्ता देऊन उपयोग नाही. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं.