शब्दांवाचून बोलणारी रेषा

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा मध्येच सुटते. हंगाम संपवून ही मुले गावी परततात, तेव्हा त्यांचे वाचन मागे पडलेले असते. अशा मुलासमोर शिक्षकांनी पुस्तक उघडले, की त्याची नजर प्रथम चित्रावर जाते. चित्र उमगले, तर मजकुराचे भय कमी होते. चित्राचे हे सामर्थ्य ओळखून ज्यांनी आपली विनोदी रेषा शालेय पुस्तकांच्या सेवेला लावली, त्यांत ज्येष्ठ हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म 29 जुलै 1925 रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. 2025 मध्ये त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. शालेय शिक्षण कोल्हापूर येथे झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. ‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘नवल’ या मासिकांचे संस्थापक-संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांच्यातील विनोददृष्टी हेरली. तत्पूर्वी मराठी मासिकांच्या मुखपृष्ठावर बहुधा सुंदर स्त्रीचे चित्र असे. 1952 च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकावर मात्र बसथांब्यावर उभे असलेले एक तरुण-तरुणी दिसले. एकाच्या वस्त्रावर मांजरांची नक्षी होती, दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. खाली एक शब्दही नव्हता. तरीही वाचक हसले, आणि विनोदी मुखपृष्ठाची प्रथा मराठीत रुजली.

फडणीसांच्या कलेचे मर्म याच चित्रात आहे. राजकीय व्यंगचित्र समजण्यास त्या दिवसाची बातमी ठाऊक असावी लागते; ती बातमी जुनी झाली, की चित्राचा अर्थही धूसर होतो. फडणीसांनी विषय निवडले ते घर, रस्ता, बाजार व कचेरी येथील नित्याचे. परिचित जगात एखादीच गोष्ट ते जागची हलवितात, आणि त्या एका विसंगतीतून हास्य निर्माण होते. ठसठशीत सलग रेषा, सपाट उजळ रंग आणि अनावश्यक तपशिलांना फाटा, ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. त्यांच्या चित्रात कोणाची जात, व्यंग वा दारिद्र्य हा थट्टेचा विषय होत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ या प्रवासवर्णनातील त्यांची रेखाचित्रे मराठी वाचकांच्या चिरपरिचयाची आहेत. ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनांद्वारे त्यांनी मूळ चित्रे सामान्य प्रेक्षकांपुढे नेली.

शब्दावाचून अर्थ पोहोचविण्याची ही शक्ती शिक्षणाच्या कामी आली. 1961 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात तिघांमध्ये जेमतेम एक साक्षर होता. पुढे 1967 मध्ये पुणे येथे राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच आपली ‘बालभारती’, स्थापन झाले. तिच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रे काढली. गणित हा विषय मुलांना रुक्ष वाटतो, कारण त्यातील संख्या डोळ्यांना दिसत नाहीत. चित्रात वस्तू मोजता येतात, वाटून देता येतात, लहानमोठ्या ठरविता येतात. त्यात गमतीची भर पडली, की मूल पान उलटण्याची घाई करीत नाही. शिवाय नुसत्या रेषेचे चित्र साध्या कागदावरही स्वच्छ उमटते. राज्याचे पुस्तक बीडच्या डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतही जाते आणि मुंबईतील शाळेतही. त्यामुळे एका थोर कलावंताची कला, प्रदर्शनाचे दालन कधीही न पाहिलेल्या मुलांपर्यंत पोहोचली.

या कारकिर्दीतून ग्रामपंचायती व शाळा यांनाही काही घेता येईल. लसीकरण, पाणीबचत किंवा शाळाप्रवेश यांसंबंधीचे भित्तिचित्र रंगविताना आपण बहुधा घोषणाच मोठ्या अक्षरांत लिहितो आणि चित्र कोपऱ्यात ढकलतो. ज्यांच्यासाठी तो खटाटोप असतो, त्यांतील काहींना ती घोषणा वाचताच येत नाही. एका चित्रात एकच गोष्ट सांगावी, वस्तू गावातल्याच असाव्यात, आणि अडाणी माणसाची टर उडवू नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल. भिंत रंगविण्यापूर्वी कच्चे चित्र गावातील एखाद्या निरक्षर आजीला दाखवावे व त्यातून काय समजले ते विचारावे. तिने अर्थ बरोबर सांगितला, तर चित्र साधले असे समजावे. नाही तर ते पुन्हा काढावे.