पांढरा, पण कुठला?

पांढरा म्हणजे पांढरा, त्यात निवडायचं काय, असं मला अगदी परवापर्यंत वाटत होतं. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला खरं तर हे शोभत नाही. नोटेचा कोरा भाग किती मळलाय यावरून ती किती हातांतून फिरलीय, ते आम्ही सांगत असू. पण होडी म्हणजे माझ्या लेखी एक कर्जखातं!

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या शाखेत होतो. तेव्हा एका नाखव्याच्या लाकडी होडीला डांबराचं भलंमोठं ठिगळ दिसलं आणि मी तिची किंमत कागदावर खाली आणली. कर्ज त्या मानानं कमी झालं. ठिगळ पक्कं होतं, आत टिपूसभर पाणी नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. नाखव्यानं मात्र ओळख तोडली नाही.

त्याच्या मुलाची आता धरमतरच्या खाडीत फायबरची होडी आहे. मे महिन्यात त्याचा फोन आला. ‘‘काका, पेनला या. होडी इकायचीय, पन नाल धक्क्याला घासलीय.’’

पाहिलं तर नाळेवर तळहाताएवढा टवका उडालेला. फायबरच्या होडीवर दिसतो तो वरून दिलेला रंग नव्हे. तो जेलकोट. साच्यात सर्वांत आधी मारलेला, रंग कालवलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा थर. काचतंतूंची मॅट आणि रेझिन त्याच्या मागून चढतं. हा थर फुटला की पाणी आत मुरतं आणि पुढे फोड धरू लागतात.

जखम गोड्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, कडा उतरत्या घासून झाल्या होत्या. अडलं होतं ते रंगावर. दुकानातल्या डब्यातला पांढरा लावून पाहिला, तर तोंडात नवी कवळी बसवल्यासारखा दिसला! दहा वर्षांच्या उन्हानं होडी हस्तिदंती झाली होती.

मग कुंभारआळीतला त्याचा एक रंगारी दोस्त आला. गणपती रंगवणारा. ‘‘डोळ्यातला पांढरा सुळ्याला लावला तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते, साहेब,’’ म्हणाला. मूर्तीचे रंग इथे चालत नाहीत. रेझिनमध्ये कालवायच्या पेस्ट वेगळ्या. पण नजर तीच. त्यानं आधी जखमेशेजारची जागा कंपाउंडनं घासून लख्ख केली. वरच्या पांढुरक्या भुकटीशी रंग जुळवला तर उद्या होडी पुसल्यावर ठिगळ उघडं पडतं. मग पांढऱ्यात सुरीच्या टोकानं पिवळी माती, काळ्याचा नुसता स्पर्श, तांबड्याचा त्याहून कमी. प्रत्येक छटेचा एक ठिपका हार्डनर घालून होडीवरच लावला, कारण ओला रंग आणि बसलेला रंग एक नसतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला तिसरा ठिपका सकाळच्या उन्हात हिरवट निघाला. पाचवा मात्र शोधावा लागला.

पुढचं काम घाईचं. शंभर ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम हार्डनर. मे महिन्याच्या उकाड्यात हात चालवायला फार वेळ मिळत नाही. हार्डनर डोळ्यांत उडाला तर घात, म्हणून चष्मे चढवून दोघे बसले. लेप जरा उंचच भरला आणि वर प्लास्टिकचा कागद दाबला. हवा लागली तर हा थर वरून चिकटच राहतो. दुसऱ्या दिवशी चारशेपासून बाराशे नंबरपर्यंत पाण्याचा पॉलिश पेपर, शेवटी पुन्हा कंपाउंड.

मी हळूच विचारलं, ‘‘गिऱ्हाइकापासून लपवायचं म्हणून एवढा खटाटोप?’’

‘‘लपवायचं कशाला? मी सांगनारच. पन ठिगल बेंगरूल दिसलं तर त्याला वाटंल आतलं कामपन तसंच.’’

मी गप्प बसलो. हे त्याला कुणाकडून कळलं असेल, ते विचारायचं धाडस झालं नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. पोरानं त्याचा हात धरून नाळेवर ठेवला आणि म्हणाला, ‘‘हितं लागलेली.’’ त्यानं वाकून पाहिलं, नखानं खरवडलं, चार पावलं मागं जाऊन पाहिलं आणि विचारलं, ‘‘कुठं?’’