गुडघेदुखी : केवळ वयाचा दोष नव्हे

'वय झाले, आता गुडघे दुखायचेच,' असे म्हणून आपल्या घरांतील वडीलधारी माणसे हे दुखणे अंगावर काढतात. आई-आजी तर तक्रारही करीत नाहीत. प्रथम जिना नकोसा होतो, मग खाली बसणे सुटते आणि शेवटी घराबाहेर पडणेच थांबते. म्हणून या विकाराची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे आवश्यक आहे.

मांडीचे हाड व नडगीचे हाड गुडघ्यात जेथे एकत्र येतात, तेथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. हे आवरण पातळ व खडबडीत होते, हाडांच्या कडा वाढतात, सांध्याच्या अस्तरास सूज येते आणि मांडीचे स्नायू दुर्बळ होतात. यालाच आपण 'गादी झिजली' म्हणतो. डॉक्टर त्यास ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

हा विकार किती जणांस होतो? २०२० साली जगातील सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या ७.६ टक्के लोकांना, कोणत्या ना कोणत्या सांध्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. त्यांत गुडघ्याचे प्रमाण सर्वाधिक. भारतात पुण्यासह पाच ठिकाणी केलेली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत चाळिशीपुढील २८.७ टक्के लोकांच्या गुडघ्यांत हा विकार आढळला. स्त्रियांत प्रमाण पुरुषांहून अधिक होते.

वयाबरोबर धोका वाढतो हे खरे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी ज्येष्ठांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले गेले. त्याचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. सत्तरीच्या आतील ज्येष्ठांत २७ टक्के, तर ऐंशी व त्यापुढील वयात ४४ टक्के लोकांत दोष दिसला. याचाच अर्थ असा, की ऐंशी ओलांडलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत तो दिसला नाही. तेव्हा सारा दोष वयाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

मग धोका कोणास अधिक? स्त्रियांना, विशेषतः पाळी गेल्यानंतर. ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे त्यांना. गुडघ्यास पूर्वी मोठी दुखापत झालेल्यांना. आणि ज्यांचे काम गुडघे वाकवून ओझे उचलण्याचे आहे त्यांना. हमाल, बांधकामावरील मजूर, शेतात राबणारे स्त्री-पुरुष यांनी आयुष्यभर अंगमेहनत केली. त्यांच्या गुडघेदुखीला 'म्हातारपण' म्हणून सोडून देणे हा त्यांच्या श्रमांवर अन्याय आहे. रोज बराच वेळ उकिडवे बसण्याचा संबंधही चीनमधील बीजिंगच्या वृद्धांच्या अभ्यासात दिसून आला आहे.

वय, लिंग व वारसा आपल्या हाती नाहीत. वजन मात्र बरेचसे आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, लठ्ठ ज्येष्ठांचे वजन एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. फ्रॅमिंगहॅमच्या ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे पाच किलोंनी उतरले, त्यांच्यात दुखऱ्या गुडघ्याच्या या विकाराचा धोका निम्म्याहून कमी झाला.

दुखते म्हणून चालणे पूर्ण बंद करू नये. त्याने स्नायू आणखी दुर्बळ होतात. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, काही सेकंद तसाच धरावा व हळूच खाली आणावा. हा साधा व्यायाम दोन्ही पायांनी रोज करावा. पाट व उकिडवी बैठक टाळून खुर्ची व कमोड वापरावा. काठी घ्यावयाची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. तिची लाज बाळगू नये. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंडास इजा होऊ शकते. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, सांधा अडकला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. फार पुढे गेलेल्या विकारात सांधेरोपण शस्त्रक्रियेचा मार्ग आहे.

आपल्या कार्यक्रमांत ज्येष्ठांसाठी खुर्च्या मांडाव्यात आणि घरातील वृद्धांना 'गुडघे कसे आहेत?' असे आपणहून विचारावे. ज्यांच्या पायांवर आपली कुटुंबे उभी राहिली, त्यांना चालते ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.