सह्यांचा धाक

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी मुले आणि चॅटबॉट या विषयावरच्या एका विधेयकावर सही केली आणि दुसरे फेटाळले. सही झालेल्या एसबी २४३ नुसार, सोबती बनून गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटने आत्महत्येची भाषा ओळखून मदतीची वाट दाखवायला हवी. समोर अल्पवयीन मूल आहे हे ठाऊक असेल, तर आपण माणूस नाही, जरा विश्रांती घे, अशी आठवण त्याने निदान दर तीन तासांनी करून द्यायला हवी. तीन तास! शाळा सुटल्यापासून पानं वाढेपर्यंतची अख्खी संध्याकाळ त्यात मावते. फेटाळलेले एबी १०६४ बरेच कडक होते. मुलाला स्वतःला इजा करायला उद्युक्त करण्याची शक्यता ज्या चॅटबॉटमध्ये दिसते, तो मुलांच्या हाती देऊच नका, असा त्याचा रोख होता. इतक्या व्यापक निर्बंधांमुळे ही साधने मुलांना पूर्णच बंद होतील, असे न्यूसम यांचे म्हणणे. फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या १६ वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर पालकांनी कंपन्यांवर लावलेले दावे तेव्हा न्यायालयांत उभे होते.

विधिमंडळाचे दार बंद झाल्यावर कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने त्याच महिन्यात दुसरे दार ठोठावले: थेट मतदारांचे. हे दार १९११ सालचे. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने राज्याचे राजकारण खिशात घातले होते; तिला शह द्यायला गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात नागरिकांना स्वतः कायदा मांडण्याचा हक्क मिळाला. गेल्या गव्हर्नर-निवडणुकीतल्या एकूण मतांच्या ५ टक्के, म्हणजे २०२६ साठी सुमारे साडेपाच लाख, वैध सह्या १८० दिवसांत गोळा करायच्या, की मसुदा मतपत्रिकेवर येतो. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. गावातले दारूचे दुकान हटवण्यासाठी २५ टक्के महिलांच्या सह्या आणि मग उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान, ही महाराष्ट्रातली पद्धत त्याच जातकुळीतली. फरक इतकाच, की बाटली आडवी झाल्यावर एक दुकान बंद होते. कॅलिफोर्नियात मात्र पानोपानी कायदा लिहिला जातो, आणि गोम तिथेच आहे.

माझ्या मते या मार्गाचे खरे बळ मतदानात नाही, मतदानाआधीच्या धाकात आहे. २०१८ मध्ये अ‍ॅलिस्टर मॅक्टॅगार्ट या बांधकाम व्यावसायिकाने खासगी माहितीच्या रक्षणासाठी पुरेशा सह्या जमवल्या. विधिमंडळाने घाईघाईने कायदा केला आणि त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. असा प्रस्ताव मागे घेण्याची सोय २०१४ च्या सुधारणेने मुद्दामच ठेवली आहे. चॅटबॉटच्या बाबतीतही तेच दिसले. ओपनएआयने आधी आपला वेगळा मसुदा दाखल केला आणि जानेवारी २०२६ मध्ये कॉमन सेन्सशी जुळवून घेऊन एकच संयुक्त मसुदा मांडला. वय ओळखण्याची व्यवस्था, पालकांच्या हाती नियंत्रण, स्वतंत्र तपासणी, मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदी असे बरेच काही त्यात होते. पण कॉमन सेन्सच्या मूळ मसुद्यातला, पालकांनी थेट दावा लावण्याचा हक्क गळला, यावर टीकाकारांनी बोट ठेवले. ते बोट योग्य जागी होते. दावा लावायची मुभा नसेल तर कंपनीला भीती उरते ती फक्त सरकारी वकिलाला सवड मिळण्याची.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की हे हत्यार पैसेवाल्यांच्याच हाती लागते. आक्षेप खरा आहे. सुपरमार्केटच्या दाराशी पॅड घेऊन उभा असलेला माणूस बहुधा सहीमागे मोबदला घेत असतो. तशी सूचनाही अर्जावर छापावी लागते. २०२० च्या प्रपोझिशन २२ साठी उबर, लिफ्ट आणि इतर कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि आपल्या चालकांना कर्मचारी न मानण्याची सूट मतदारांकडूनच मिळवली. वर अट अशी, की विधिमंडळाला त्यात दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश बहुमत हवे! मतदारांनी केलेला कायदा, त्यातच तशी मुभा नसेल तर, विधिमंडळाला मतदारांना पुन्हा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. चॅटबॉट दर सहा महिन्यांनी नवे रूप घेतात. त्यांच्यासाठी असा कुलूपबंद कायदा मुलांच्या नव्हे, कंपनीच्या फायद्याचा ठरू शकतो. म्हणून मसुदा शेवटच्या पानापासून वाचावा. दुरुस्ती कोण करू शकतो आणि मोडला तर कोर्टात कोण जाऊ शकतो, ही दोन कलमे आधी. मुलांविषयीची गोड वाक्ये मागाहून.

मुलांकडे लक्ष देणे पालकांचे काम, सरकारचे नव्हे, असेही म्हणतात. पण मध्यरात्री पांघरुणाखाली चाललेला, समजूतदार मित्राच्या सुरातला संवाद पालकाला दिसणार कसा? दूरचित्रवाणीचा आवाज निदान बाहेरच्या खोलीत ऐकू तरी येतो. याहून वजनदार आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला, आणि मुलांसाठी संकेतस्थळे कशी घडवावीत हे सांगणारा २०२२ चा कायदाही न्यायालयाने रोखला. चॅटबॉटने काय बोलू नये, हे सांगणारे कलम याच खडकावर आपटेल. त्याने लळा कसा लावू नये, गप्पा थांबवू पाहणाऱ्या मुलाला कसे धरून ठेवू नये, असे वस्तूच्या घडणीवर बोलणारे कलम तगण्याची शक्यता अधिक. ही रेघ मसुद्यात नीट ओढली नसेल, तर कोटभर मते पडली तरी तो कायदा पहिल्याच स्थगितीत अडकेल.