तबकडीवरचे कुलूप आणि कवीचे नाव

नागपूरच्या दीक्षाभूमीवरून किंवा मुंबईच्या चैत्यभूमीवरून परतणाऱ्या आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील माणसांच्या पिशवीत पुस्तकांसोबत भीमगीतांची एखादी कॅसेट हमखास असे. मलकापूर, नांदुरा वा शेगावला उतरून ती गावी पोहोचली, की शेजारच्या चार घरांसाठी तिच्या नकला निघत. हे गाणे समाजाचे आहे, ते जितके पसरेल तितके बरे, अशी वडीलधाऱ्यांची धारणा होती. ती सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि नकल कशी होते, ती अडविण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि तीत कोणाचे काय गेले, हे समजून घेण्यासारखे आहे.

कॅसेटच्या नकलेला एक स्वाभाविक मर्यादा होती. फितीवरून फितीवर उतरविताना दर वेळी खरखर वाढते. तिसऱ्या-चौथ्या नकलेत ढोलकी बसकी होते आणि शब्द पुसट. सीडीची गोष्ट निराळी. तिच्यावर आवाज अंकांच्या रूपाने असतो. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ते आकडे तबकडीवर कोरलेले असतात आणि आकड्यांची नकल मुळाइतकीच अचूक उतरते. फिलिप्स व सोनी यांनी ठरविलेल्या या पद्धतीच्या तबकड्या १९८२ साली बाजारात आल्या, तेव्हा आवाज गुप्त लिपीत बांधण्याची सोय तीत ठेवलेली नव्हती. पुढे तबकडी वाचणारे व लिहिणारे संगणक स्वस्त झाले. एमपीथ्री पद्धतीने तेच संगीत सुमारे दहाव्या हिश्श्याच्या जागेत मावू लागले. पंधरा-वीस गाण्यांच्या तबकडीवर शंभराहून अधिक गाणी बसू लागली.

कंपन्यांना कुलूप आठवले ते त्यानंतर. पण जुनी यंत्रे तर बंद पाडायची नव्हती. त्यामुळे ही कुलुपे म्हणजे हुलकावण्याच होत्या. कुणी तबकडीवर मुद्दाम खोट्या चुका पेरल्या, ज्या घरचे यंत्र सावरून घेई आणि संगणक अडखळे. कुणी बाहेरच्या कडेला संगणकाला चकविणारा मजकूर ठेवला. २००२ साली लोकांनी ती कडा साध्या मार्कर पेनने काळी करून हे कुलूप उघडले! पैसे मोजून घेतलेली तबकडी मात्र काहींच्या मोटारीतल्या यंत्रात वाजेना. सर्वांत मोठी नाचक्की झाली ती सोनी बीएमजी कंपनीची. तिच्या काही तबकड्या संगणकात घातल्या, की मालकाच्या नकळत एक छुपी आज्ञावली आत शिरून लपून बसे. ऑक्टोबर २००५ मध्ये मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीस आणले आणि लाखो तबकड्या परत मागवाव्या लागल्या. कुलपाचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच झाला, असे आमचे मत आहे.

कायद्याचे कुलूप निराळे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे झाले. चोरट्या नकलेसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणे हाही गुन्हा ठरविला. पण वेष्टनावरील सक्तीच्या मजकुरात गीत लिहिणाऱ्या कवीचे नाव नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या कृतीला आपले नाव लागावे हा हक्क त्याच कायद्याचे ५७ वे कलम कवीला देते. गीताचे सर्व हक्क विकले तरी हा हक्क उरतो. परंतु तो बजावायला कवीला ती तबकडी आधी दिसायला तरी हवी.

भीमगीतांच्या बाबतीत खरी हानी इथेच झाली. शंभर गाण्यांच्या चोरट्या तबकडीवर चित्र असते, एखाद्या गायकाचे नाव असते. कवी, संगीतकार, ढोलकीवादक कोणीही नसतो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगावी ओळखतात, पण त्यांनी गायिलेले एखादे गीत कोणी लिहिले हे विचारले, तर उत्तर क्वचितच मिळते. पैसा बुडाला हे तर आहेच. पण ज्या कवीला मानधन मुळातच तुटपुंजे मिळे, त्याची नाव हीच कमाई होती.

आमच्या शाहिरांनी यावर जुनाच उपाय जपला होता. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही आपली नाममुद्रा गुंफीत. संतांच्या अभंगांपासून चालत आलेली ही रीत. नकल कितीही वेळा झाली तरी नाव गाण्यासोबतच जाई. मात्र वेळ वाचविण्यासाठी शेवटचे कडवे गाळण्याची सवय लागली आणि हेही कुलूप निखळले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात गीते गाता येतात का, असे पालक विचारतात. शिक्षक व विद्यार्थ्यांनी गीत सादर केले आणि श्रोते शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व शाळेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर कायद्याचे ५२ वे कलम त्यास मुभा देते. आमच्याकडे निवेदक विद्यार्थी गीतापूर्वी कवीचे नाव सांगतो. ते ठाऊक नसेल तर आधी शेवटच्या कडव्यात शोधतो. म्हणून गीत शेवटच्या कडव्यापर्यंत गाण्याचा आमचा आग्रह असतो, मग कार्यक्रम लांबला तरी चालेल.